तोंड उघड, मग आत ये

आक्का गेल्याचा निरोप आला तेव्हा मी कळंबच्या शाळेत मुलींना पाढे म्हणायला लावून खिडकीशी उभी होते. भिसेगावचा गडी अंगणातच थांबला. असला निरोप आणणारा माणूस उंबऱ्याच्या आत येत नाही. "दुर्गाबाय गेल्या," एवढंच म्हणाला आणि घोटभर पाणीसुद्धा न घेता वळला. मुरबाडकडून लाकडं घेऊन निघालेली एक लॉरी मिळाली, तिच्यात ओंडक्यांवर बसून मी कर्जत गाठलं. भिसेगावच्या घरी पोहोचले तर आक्काला ओटीवर निजवलेलं. जन्मभर तिला ज्या ओटीवर बसू दिलं नाही, तिथं आता तिच्या सासूबाई स्वतः उशाशी बसून भिंतीला डोकं आपटत होत्या. बायका जमल्या होत्या. आणि खांबाशी आक्काची मुलगी, मथी, उभी होती. सहा-सात वर्षांची पोर. डोळे कोरडे, हात अंगाशी चिकटलेले आणि तोंड उघडं... साधं उघडं नव्हे, जबडा दुखेल इतकं ताणून उघडलेलं. पोर बावरलीय, हिला कुणीतरी रडवा, असं बायका म्हणत होत्या. एकीनं तिला चिमटाही काढून पाहिला. तोंड काही मिटलं नाही. ती कशाची वाट बघतेय हे तिथल्या प्रत्येकीला ठाऊक होतं, पण म्हणायला कुणी धजत नव्हतं. ती आईजवळ जायला परवानगी मागत होती, आणि ती देणारी बाई समोर मरून पडली होती.

त्याला आता काही आठवडे झाले. अर्धं भिसेगाव म्हणतं, दुर्गा देवमाणूस होती. उरलेलं अर्धं म्हणतं, हडळ होती, केल्याची फळं भोगून गेली. दोन्ही थापा आहेत. माझी सख्खी बहीण, म्हणून मी सांगते, ती क्रूर होती. आणि तिला क्रूर व्हायला शिकवणारी माणसं अजून धडधाकट आहेत, तिच्या तेराव्याला मागून मागून वाढून घेऊन जेवली आहेत.

आम्ही दोघी बहिणी. मी काळी, किडकिडीत, म्हणून हिला कोण करून घेणार असं म्हणत वडिलांनी मला शाळेत घातलं. आक्का दिसायला उजवी, म्हणून तिला भिसेगावात दिली. आमचे भाऊजी रेल्वेत सांधेवाले, गाड्यांसाठी रूळ बदलणारे. ड्यूटी वर घाटात, ठाकुरवाडीला, त्यामुळे अर्धा वेळ घरात सासू-सून दोघीच. आक्काला पहिले तिन्ही मुलगे झाले आणि तिन्ही गेले. दर वेळी तेच. थंडीचे दिवस, कुणीतरी नाक ओढत बाळ बघायला यायचं, उचलून तोंडाशी तोंड लावायचं, गोड गं गोड करून घुगऱ्या खाऊन जायचं. मग बाळाचं नाक बंद व्हायचं. नाक बंद झालेल्या बाळाला दूध ओढता येत नाही, हे मी तिथंच पाहिलं. छाती लोहाराच्या भात्यासारखी चालायची. सासूबाई बिब्बा तापवून छातीवर चटके द्यायच्या. तिसऱ्याच्या वेळी आक्कानं त्यांचा हात धरला, तर भाऊजींनी आक्काचा हात धरला. तो मुलगा चटक्यांसकट गेला. त्यानंतर सासूबाई विहिरीवर सांगू लागल्या की हिची कूसच पोरं खाते.

दुसरी मोठी लढाई सुरू झाली त्या सुमाराला कर्जतला एक डॉक्टर येऊन-जाऊन असायचा. तरुण होता, कुणी विचारलं तर समजावून सांगायचा. आक्काला चौथ्यांदा दिवस गेले होते. मी तिला त्याच्याकडे नेलं. त्यानं सांगितलं की सर्दी हवेतून येते, आणि हवेत ती माणसाच्या तोंडातून येते. बोलताना, खोकताना, हसताना थुंकीचे बारीक थेंब उडतात, डोळ्याला दिसत नाहीत, त्यांत सर्दीचे जंतू असतात. मोठं माणूस दोन दिवस शिंकून विसरतं, तान्ह्या बाळाची छाती भरते. मग त्यानं कपाटातून एक फवारा काढला. काचेची कुपी, तिला निकेलची बारीक नळी आणि मागं रबरी फुगा. उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ, चिमूट सोडा आणि ओव्याच्या अर्काचे थेंब घालायचे, आणि बाळाजवळ येणाऱ्याच्या तोंडात, घशापर्यंत मारायचं. त्यानं जंतूंचं उडणं कमी होतं, असं तो म्हणाला. सगळं थांबेल असं काही तो बोलला नाही. उलट जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला की नाकातून येतं त्याला हा काही करत नाही, बाईंना फार आशा लावू नका. मी ते आक्काला सांगितलं. ती फवारा पदराखाली धरून चालत होती, जसं काही पोटातलं आणि हातातलं एकच आहे. तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मुलगी झाली. सासूबाईंनी तोंड फिरवलं, आणि आक्कानं बाळंतिणीच्या खोलीच्या दारात पाट टाकून फवारा हातात घेतला. "तोंड उघड, मग आत ये." हे तिचं वाक्य कर्जत स्टेशनापर्यंत पोचलं. सुईण, शेजारीण, भाऊजी, पाटील... कुणालाही सूट नव्हती. नळी ओठाला लावायची नाही, वीतभर लांबून मारायचं, म्हणजे उष्ट्याचा प्रश्न नको, हेही तिनंच काढलं. लोक चेष्टा करत. दुर्गीच्या घरी जायचं तर आधी घसा धुऊन यावं लागतं, म्हणत. सासूबाईंचं म्हणणं वेगळंच होतं.

"पोरीच्या जातीला मरान नसतंय," त्या म्हणाल्या. "फवारा कशापायी मारतीस?"

बारशाला खालापूरहून आक्काची नणंद, आमच्या वन्सं, आल्या. बाळाच्या कानाशी तोंड नेऊन नाव सांगायचा मान आत्याचा, आणि या आत्याबाईंचं नाक घाटातल्या ओहोळासारखं वाहत होतं. आक्कानं दारात फवारा पुढं केला. वन्संनी पदर खोचला आणि माझं तोंड काय गटार आहे का, असं विचारलं. आक्का म्हणाली, आज आहे. वन्सं तशाच पावली टांगा करून परत गेल्या, आणि नाव आक्कानं स्वतः ठेवलं, हातभर लांब उभं राहून, तोंडावर पदर धरून, मोठ्यानं. मथुरा. कानात न सांगितलेलं नाव अंगाला लागत नाही, असं सासूबाई त्यानंतर कितीतरी दिवस म्हणत होत्या.

पण मथी जगली. ती थंडी गेली, पुढची गेली. शेजारच्या घरात दोन पाळणे रिकामे झाले, आक्काचा हलत राहिला. मला विचाराल तर त्या फवाऱ्यात तथ्य होतं. पण आक्का तेवढ्यावर थांबली नाही, आणि माझा राग आहे तो तिथं. दुसऱ्यांची तोंडं धुता धुता तिला स्वतःच्या तोंडाचं भय वाटू लागलं. मथीला पाजताना ती मान वळवून भिंतीकडे बघायची. तिच्याशी बोलायचं ते पदर नाकापर्यंत ओढून, तेही कामापुरतं. मुका तिनं त्या पोरीचा कधी घेतला नाही. एकदाही नाही. मथी चालायला लागली तशी पळत येऊन पायाला मिठी मारायची, आणि आक्का म्हणायची, तोंड उघड. पोर उघडायची, फवारा घ्यायची, मग आक्का तिच्या डोक्यावरून हात फिरवायची. मथीला पाच शब्द बोलता येत होते तेव्हा त्यातला एक "आ" होता. मी एकदा चिडून म्हटलं, आक्का, तू पोर जगवतेस का लोणच्याची बरणी राखतेस? तिनं शांतपणे मलाच तोंड उघडायला लावलं.

मधे सासूबाईंनी एक पराक्रम केला. डोंगरावरून मोळी विकायला येणारी एक ठाकरीण होती. तिला ओव्याचा वास आवडायचा. मोळी टाकली की ती आपण होऊन तोंड वासून बसायची, आणि मथीकडे लांबून बघून हसायची. आक्का तिला तोच फवारा मारायची. सासूबाईंनी हे पाहिलं, आणि आक्का विहिरीवर गेली तशी, फवारा बाटला म्हणून, तो शुद्ध करायला गोमूत्र घालून चुलीवर उकळत ठेवला. काच वाचली, रबराचा लगदा झाला. लढाईमुळं रबर मिळत नव्हतं. आक्का दोन दिवस जेवली नाही, मथीला घेऊन खोलीत कडी लावून बसली. शेवटी भाऊजींनी खोपोलीत पडलेल्या एका मोडक्या लॉरीच्या भोंग्याचा फुगा काढून आणला आणि नळीला दोऱ्यानं आवळला. नारळाएवढा काळा फुगा आणि पुढं इवलीशी कुपी. तो दाबायला दोन्ही हात लागायचे, आणि घसा नुसता भिजायचा नाही, ठसका लागायचा. ठाकरिणीनं त्यानंतर मोळी दुसरीकडे टाकायला सुरुवात केली.

बारशाचा अपमान वन्सं विसरल्या नव्हत्या. मथी तीन वर्षांची झाली नि दुसरं काही होईना, तेव्हा त्यांनी खालापूरहून आपल्या नात्यातली एक मुलगी भावासाठी आणली. यमुना. जेमतेम पंधराची असेल. तेव्हा दुसरी करायला कायदा आडवा येत नव्हता, आणि भाऊजींना नाही म्हणायची सवय कधीच नव्हती. मी मुद्दाम गेले होते. वाटलं, आक्का विहीर जवळ करेल. नवरी दारात आली, भाकरतुकडा ओवाळायला सासूबाई पुढं झाल्या, तोच आक्का त्यांना बाजूला सारून उंबऱ्यावर आली. दोन्ही हातांत तो काळा फुगा.

"तोंड उघड."

यमुनेनं प्रसाद घ्यावा तसं तोंड उघडलं. आक्कानं फवारा मारला, तिची हनुवटी धरून उजेडाकडे वळवली आणि घशात डोकावून बघितलं. "घसा साफ हाय. ये आत," ती म्हणाली. नवरी ठसकत, डोळे पुसत माप ओलांडून आत आली. वऱ्हाडातल्या बायका हसल्या, मीही हसले. आक्का मात्र नळी पुसत होती.

मग यमुनेला मुलगा झाला, तोही ऐन थंडीत. आता गंमत बघा. ज्या सासूबाईंनी फवारा गोमूत्रात शिजवला होता, त्या आपल्या पायांनी आक्काच्या खोलीपर्यंत आल्या. नातू जगला पाहिजे, तुझं ते काय असेल ते घेऊन दारात बस, म्हणाल्या.

"ह्यो पोरीचा हाय, सासूबाय," ती म्हणाली. "पोराला कसा लावू?"

आणि दिला नाही. भाऊजींनी हात उगारला तरी दिला नाही. यमुना पाया पडली तरी दिला नाही. तान्ह्या जिवाशी वैर धरणारी बाई म्हणून गाव जे बोलतं ते यावरूनच, आणि ते खोटं नाही.

त्या मुलाला मग काय काय झालं! सगळं खालापूर येऊन त्याला चाटून गेलं. वन्सं महिनाभर मुक्काम ठोकून त्याच्या गालावर शिंकल्या. सासूबाई दर संध्याकाळी मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढून तोंडावर थू थू करायच्या, त्यांच्या थू थू मध्ये निम्मा तपकिरीचा रस. त्याला सर्दी झाली, खोकला झाला, नाकाच्या दोन्ही वाती कधी वाळल्याच नाहीत... आणि तो भोपळ्यासारखा वाढला. दर थंडीत लोळला आणि दर थंडीत उठून बसला. मथी शेजारच्या खोलीत, कधी न शिंकलेली, बांबूच्या कोंबासारखी फिकट, त्याचं खिदळणं भिंतीला कान लावून ऐकायची.

कान आक्काही लावायची. त्याच्या दुसऱ्या थंडीत मी चार दिवस राहायला गेले होते. मुलगा पलीकडे खोकला की आक्काच्या हातातला पळा थांबायचा. श्वास धरून ऐकायची. खोकला थांबून तो हसला की पळा पुन्हा फिरायला लागायचा, जरा जोरात. असं तीनदा-चारदा झाल्यावर मला राहवेना.

"आक्का, वाट बघतेस का गं त्याची?"

"व्हय," ती म्हणाली.

चूल विझत आली होती, तिनं फुंकणीनं फुंकली. नंतर माझ्याकडे न बघता बोलली.

"त्यो जगला, तर मी मथीला उगंच लांब ठेवली नव्हं का गं, इंदे..."

मी शिकलेली बाई. मला सांगता येत होतं की एक पोर वाचलं म्हणून औषध खोटं ठरत नाही आणि एक मेलं म्हणून खरं ठरत नाही. कुणाच्या नशिबी धट्टी छाती असते, कुणाच्या नसते. मी ते सांगितलंही. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, तुझी पुस्तकं तुझ्यापाशी. तिला पुस्तकातलं खरं नको होतं. तिला कुणीतरी सांगायला हवं होतं की न घेतलेल्या मुक्यांची काहीतरी किंमत आली. आणि ते सांगायचा एकच मार्ग होता, त्या मुलानं मरायचं. तो काही ऐकायला तयार नव्हता.

पुढचं मला यमुनेनं सांगितलं, तेराव्याच्या दिवशी, भांडी घासता घासता. या थंडीत एकदा ती विहिरीवरून परत आली तर घरात चिडीचूप. भाऊजी ठाकुरवाडीला, सासूबाई झोपलेल्या, मथी परसात. माजघरात आक्का एकटी, आणि मांडीवर यमुनेचा मुलगा. आक्कानं त्याला उराशी घट्ट धरलं होतं. यमुनेच्या हातातली घागर सुटायची राहिली, वाटलं, गळा दाबतेय. पण आक्का त्याचे मुके घेत होती. गालाचे, मानेचे, ओठांचे, शेंबडासकट, अधाशासारखी. मुलगा गुदगुल्या होऊन खिदळत होता. मधूनच शिंकला, तो तिच्या तोंडावरच. तिनं तोंड पुसलं नाही. फवारा डोक्यावरच्या खुंटीला लटकत होता. यमुना दाराआड तशीच उभी राहिली.

"मला पुढं जाववलं नाय," यमुना म्हणाली. "म्हटलं, घेऊं दे बाईंना."

दोन-तीन दिवसांत आक्काचं नाक भरलं, मग ताप, मग छाती. त्या मुलाची सर्दी एव्हाना बरीही झाली होती. आक्कानं मागच्या पडवीतल्या खोलीत अंथरूण नेलं आणि दार लावून घेतलं. यमुना पेज घेऊन जायची, तिला आत घ्यायची. डॉक्टर आणला, त्याला घेतलं, पण छाती तोवर गच्च झाली होती. सासूबाईही एकदा डोकावल्या. फक्त मथीला बंदी. मथी फवारा खुंटीवरून काढून घेऊन आली, तो दाराशी ठेवला आणि तोंड उघडून उभी राहिली. यमुना म्हणते, दिवसभर उभी असायची. आतून आक्का खोकत खोकत ओरडायची की त्या पोरीला हाकला. जवळ घ्यायला मुलगा चालला, मुलगी दारातसुद्धा नको... मथीनं ते मुके पाहिले नव्हते म्हणून बरं, असं मी यमुनेला म्हटलं. यमुना भांडं घासायची थांबली. म्हणाली, परसातून माजघरातलं सगळं दिसतं.

तेरावं झाल्यावर मथीला मी कळंबला घेऊन आले. भाऊजींनी नाही म्हटलं नाही. सासूबाईंनी तिच्या बोचक्यात फवारा कोंबला, हा इथं नको, म्हणाल्या. आता तो माझ्या खोलीच्या दाराशी खुंटीवर आहे. ओव्याचा अर्क संपला आहे, मी नवा आणलेला नाही. शाळा सुटली की मथी माझ्यामागून येते आणि उंबऱ्याबाहेर तोंड उघडून थांबते. पहिले काही दिवस मी समजावलं, इथं लागत नाही, तशीच ये. ती आली नाही. ओढून आणली तर तोंड दोन्ही हातांनी झाकून कोपऱ्यात बसली आणि तशीच झोपून गेली. मग मी रिकामा फवारा काढला, दोन्ही हातांनी तो भोंगा दाबला. नुसती हवा आली. ती लगेच आत आली आणि पाणी प्यायली.

परवा मी तिला विचारलं, आईचा राग येतो का? तिनं नाही म्हणून मान हलवली. बराच वेळ पाटीवर रेघोट्या मारल्या आणि म्हणाली, "आयनं दार उघाडलं नाय, कारन मी आ बारीक केलावता."

मी तिला सांगितलं, तुझा आ चांगला मोठा होता, सगळ्यांनी पाहिलाय. ती माझ्याकडे मास्तरणीकडे बघावं तशी बघत राहिली. पण मी बघते, ती दारात रोज आदल्या दिवसापेक्षा थोडं मोठं तोंड उघडते. ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांना चिरा पडल्या आहेत. संध्याकाळी मी तिथं लोणी लावते. ती हलत नाही, मला नीट लावता यावं म्हणून तोंड उघडं धरून बसते.